लहान कॅनव्हासवर कोलम : ठिपके, अखंड रेषा आणि रंग यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. तमिळनाडूतील कोलमच्या, म्हणजे तेथे दारापुढे पिठाने काढतात त्या रांगोळीच्या, आकृतिबंधांवर आधारलेली लहान चित्रांची एक मालिका करण्याचे मी मनात घेतले आहे. सहा ते दहा इंचांपर्यंतचे कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग, एवढे ठरले आहे. पुढच्या काही गोष्टींबाबत येथील चित्रकारांचे आणि कोलमची माहिती असणाऱ्यांचे मत हवे आहे.

ठिपक्यांची रांगोळी मी लहानपणापासून काढत आले आहे. आमच्या सांगली जिल्ह्यात, विशेषतः मिरज आणि जतच्या बाजूला, मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांच्या अंगणांत ती दिसते, त्यामुळे ‘पंधरा ते आठ, मधले ठिपके’ ही भाषा मला परकी नाही. मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा ठिपक्याला ठिपका जोडून फूल, पणती किंवा कासव तयार होते. आमच्या शेजारी राहायला आलेल्या एका तमिळ कुटुंबातील आजींनी मला जे सिक्कू कोलम दाखवले, त्यात रेषा ठिपक्याला स्पर्शच करत नाही. ती प्रत्येक ठिपक्याला वळसा घालते, स्वतःला पुनःपुन्हा छेदते आणि जिथून निघाली तिथे परत येऊन मिळते. एकही ठिपका मोकळा राहत नाही आणि रेषेचे एकही टोक उघडे राहत नाही. ही शिस्त आणि त्या शिस्तीतूनच येणारा डौल मला चित्रात आणायचा आहे.

पहिली अडचण मापाची आहे. कोणत्या आकाराच्या कॅनव्हासवर किती ठिपके घ्यावेत, आणि सगळी आकृती एकाच रेषेत पूर्ण होईल हे आधी कसे ओळखावे? काही मांडण्यांत एक रेषा पुरते, तर काहींत तीन-चार वेगवेगळ्या रेषा निघतात, आणि त्यामागचा नियम मला समजलेला नाही. दुसरी अडचण हाताची आहे. पेन्सिलीने आखून त्यावर रंग भरला की रेषा बिनचूक येते, पण आजींच्या पिठाच्या रेषेत जो वेग दिसतो तो तिच्यात राहत नाही.

याखेरीज एक प्रश्न औचित्याचा आहे. उंबऱ्याबाहेर सकाळी काढायची आणि दिवसभरात पायाखाली पुसली जाऊ द्यायची, अशी ही कला आहे. तिला चौकटीत कायमचे बसवणे तमिळ माणसाला खटकेल का? प्रदर्शनात मांडताना तिचा उल्लेख कसा करावा? कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, मी चित्रकार नाही, शाळेत गणित शिकवतो. तेव्हा फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा विषय मला फार प्रिय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोलमकडे गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ गांभीर्याने पाहत आले आहेत. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमच्या आकृत्यांना व्याकरणाचे नियम लावून दाखवले. ठरावीक छोटे घटक आणि ते एकमेकांना जोडण्याचे ठरावीक नियम यांतून मोठी आकृती कशी वाढत जाते, याची ती मांडणी होती. आपल्या कामाला त्यातील सगळे लागणार नाही. शाळेत शिकलेला मसावि मात्र लागेल.

ठिपके आयतात मांडले आहेत असे समजा. शेजारशेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मधोमध रेषा स्वतःला छेदते आणि आकृतीच्या कडेला आली की गोल वळून आत परतते. हे सर्वांत साधे सिक्कू कोलम. अशा कोलममध्ये किती स्वतंत्र रेषा निघतील, हे ओळींची संख्या आणि प्रत्येक ओळीतील ठिपक्यांची संख्या यांच्या मसाविवरून ठरते. ४ आणि ५ यांचा मसावि १, म्हणून चार ओळींत प्रत्येकी पाच ठिपके मांडले तर सगळी आकृती एकाच रेषेत पूर्ण होते. ४ आणि ६ घेतले तर दोन रेषा लागतात. ५ बाय ५ चा चौरस घेतला तर पाच रेषा निघतात. आपल्याला कधी एक आणि कधी तीन-चार रेषा मिळाल्या असतील, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

यावरून माझे पहिले सांगणे असे की, आधी ठिपके ठरवावेत आणि मग त्यांना साजेसा कॅनव्हास घ्यावा. बाजारातील ८ बाय १० इंचांच्या कॅनव्हासवर एकेक इंच अंतराने ५ बाय ७ ठिपके मांडले, तर ठिपक्यांची जागा ४ बाय ६ इंच होते आणि चारही बाजूंना बरोबर दोन इंचांचा समास उरतो. ५ आणि ७ यांचा मसावि १ असल्यामुळे रेषाही एकच राहते. समासाचा हिशेब करताना रेषा कडेच्या ठिपक्यापलीकडे साधारण अर्ध्या अंतरापर्यंत जाते, हे मात्र धरून चालावे.

आता चौरसाकडे वळतो, कारण चौरस कॅनव्हासचे आकर्षण निराळेच असते आणि चारही बाजूंनी सारखी दिसणारी आकृती चौरसातच शोभते. साध्या पद्धतीने ५ बाय ५ मध्ये पाच रेषा येतात, पण मांडणी बदलली की ती आकृतीही एका रेषेत आणता येते. त्यासाठी २५ ठिपक्यांचे पाच भाग करावेत : मधला एकटा ठिपका आणि त्याच्याभोवती २ बाय ३ चे चार आयत. वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके आडवे आणि दोन उभे घ्यावेत, वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन आडवे आणि तीन उभे, खालच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा तीन आडवे आणि दोन उभे, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन आडवे आणि तीन उभे. कागदावर आखून पाहिले की हे चार आयत मधल्या ठिपक्याभोवती एका दिशेने फिरत असल्याचे दिसेल. २ आणि ३ यांचा मसावि १ असल्याने प्रत्येक आयतात एकच बंद रेषा आहे, आणि मधल्या ठिपक्याभोवती एक वर्तुळ आहे. आता मधल्या ठिपक्याच्या चारही बाजूंना, तो ज्या आयताला लागून आहे त्या ठिकाणी, एकेक छेद द्यावा. दोन वेगळ्या बंद रेषा जिथे एकमेकींजवळ येऊन परत वळत होत्या, तिथे त्यांना परस्परांना छेदून पलीकडे जाऊ दिले की दोन्हींची मिळून एक रेषा होते. असे चार छेद दिले की पाच रेषांची एक रेषा होते, आणि कॅनव्हास पाव फेरी फिरवला तरी आकृती तशीच दिसते. आरशात धरली तर मात्र ती जुळणार नाही, कारण तिला फिरण्याची दिशा आहे. मला स्वतःला तेच तिचे सौंदर्य वाटते.

हीच रीत प्रत्येक विषम चौरसाला लागू पडते. ७ बाय ७ असेल तर मध्ये एक ठिपका आणि भोवती ३ बाय ४ चे चार आयत, ९ बाय ९ असेल तर ४ बाय ५ चे. लागोपाठच्या दोन संख्यांचा मसावि नेहमी १ असतो, म्हणून ती कधीच चुकत नाही. एक इंच अंतर धरल्यास ५ ठिपक्यांना सहा इंचांचा आणि ७ ठिपक्यांना आठ इंचांचा चौरस कॅनव्हास बरोबर पुरतो. दोन्हींत सर्व बाजूंना एक इंच उरतो.

मिरजकर (मिरज)

रेषेच्या प्रश्नावर लिहितो. आपण पेन्सिलीची गोष्ट लिहिली आहे, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पेन्सिलीच्या रेषेवरून कुंचला नेताना डोळा मागची रेषा तपासत राहतो. कोलम काढणारी स्त्री पुढच्या ठिपक्याकडे पाहत असते. त्यामुळे कॅनव्हासवर फक्त ठिपके आखावेत, रेषा मुळीच आखू नये. आकृती हातात बसेपर्यंत आधी पाटीवर किंवा फरशीवर रांगोळीने काढत राहावी. कोणत्या ठिपक्यापासून निघून कोणत्या क्रमाने जायचे याचा विचार करावा लागेनासा झाला की मगच रंग कालवावा.

तरीही कॅनव्हासवर हात आखडतो, कारण चूक पुसता येणार नाही ही भीती असते. त्यावर एक चांगला उपाय आहे. पार्श्वभूमीचा रंग पूर्ण वाळल्यावर त्यावर पारदर्शक मॅट मीडियमचा (ॲक्रिलिकबरोबर वापरायच्या, चमक नसलेल्या बिनरंगी द्रवाचा) एक पातळ थर द्यावा आणि तोही नीट वाळू द्यावा. त्यानंतर काढलेली पांढरी रेषा ओली असेपर्यंत ओलसर कापडाने पुसून काढता येते आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही. रेषा मनासारखी नाही आली तर पुसून पुन्हा काढता येते, हे एकदा कळले की हात मोकळा होतो.

कुंचला लांब केसांचा लायनर घ्यावा, शून्य किंवा एक नंबरचा. त्याच्या केसांत रंग अधिक मावतो आणि मोठा पल्ला न थांबता निघतो. टायटॅनियम व्हाइट ताकाइतका पातळ करून घ्यावा. पाणी फार झाले तर रेषा पारदर्शक होते आणि खालचा रंग दिसू लागतो, म्हणून पाण्याबरोबर थोडे मीडियमही घालावे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ॲक्रिलिक कुंचल्यावरच वाळू लागते. त्या दिवसांत रंगात रिटार्डरचे थोडे थेंब घालावेत किंवा सकाळी लवकर कामाला बसावे. रंग संपल्यामुळे थांबावे लागलेच तर दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे थांबावे, म्हणजे जोड दिसत नाही. वळणावर कधीही थांबू नये.

कॅनव्हास इझलवर उभा ठेवू नये. कोलम वरून खाली पाहत काढले जाते, म्हणून तो टेबलावर किंवा जमिनीवर आडवा ठेवून, वळणाच्या गरजेनुसार स्वतः फिरवत काम करावे. दोन ठिपक्यांतील अंतर दीड सेंटिमीटरपेक्षा कमी करू नये. त्याहून दाट मांडणीत वळणे चेपली जातात आणि आकृती छापील जाळीसारखी दिसू लागते. अंतर एक इंच असेल तर रेषेची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास चांगली दिसते, आणि ती सगळीकडे तंतोतंत सारखी नसली तरी चालेल. चिमटीतून पडणारे पीठ वेगाप्रमाणे कमीजास्त होतेच.

पृष्ठभागाबद्दल थोडेसे. इतक्या लहान आकाराला ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा कॅनव्हास बोर्ड बरा, कारण पावसाळ्यातील दमटपणात ताणलेले कापड सैल पडते आणि बारीक रेषेच्या कामाला ते त्रासाचे होते. बोर्ड वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही जेसोचा (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात द्यावा. पुढच्या बाजूला जेसोचे दोन-तीन हात देऊन प्रत्येक वेळी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्यावे. कापडाची वीण जाणवत राहिली तर रेषेच्या कडा फाटतात.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दोन रेषा छेदतात तिथे एक वरून आणि एक खालून गेल्यासारखी सावली देण्याचा मोह अनेकांना होतो. विणीसारखे ते दिसते छान, पण मग ते कोलम राहत नाही. कोलमची रेषा जमिनीवर सपाट असते आणि तिच्यात वर-खाली काही नसते. मद्रासच्या आधुनिक चित्रकारांनी रेषेलाच चित्राचा कणा मानले, आणि के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये चेन्नईजवळ उभ्या राहिलेल्या चोळमंडल कलाग्रामातील अनेकांच्या कामात ते दिसते. आपल्या मालिकेतही रेषेवर तेवढाच विश्वास ठेवावा, असे मला वाटते.

कृष्णाकाठची (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. ५ बाय ५ ची आकृती सरांनी सांगितल्याप्रमाणे वहीत काढून पाहिली. रेषा खरोखर एकच आहे आणि सगळे २५ ठिपके तिच्यात येतात. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. रंगात तांदळाचे पीठ मिसळले तर पृष्ठभागाला मूळ कोलमसारखा खरखरीतपणा येईल का? आणि ४ किंवा ८ ठिपक्यांचा सम चौरस घ्यायचा असेल तर काय करावे?

कावेरीतीरी (मूळची साताऱ्याची, सध्या तंजावर)

ताई, लग्नानंतर मी तंजावरला स्थायिक झाले आणि येथील सासरघरीच कोलम शिकले, म्हणून औचित्याच्या प्रश्नावर अधिकाराने नाही, पण अनुभवाने लिहू शकते.

येथे सूर्योदयापूर्वी अंगण झाडून, पाणी शिंपडून कोलम घातले जाते. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ते सर्वांत मोठे असते आणि त्यात शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोचून ठेवतात. पोंगलच्या दिवशी गल्ल्याच्या गल्ल्या भरून जातात. रोजच्या कोलमला मूळचे तांदळाचे पीठ, कारण ते मुंग्यांच्या आणि पाखरांच्या मुखी जाते. आता पुष्कळ घरी दगडाची पूडही वापरतात. सणासुदीला आणि लग्नकार्याला भिजवलेले तांदूळ वाटून केलेल्या ओल्या पिठाचे कोलम घालतात आणि त्याला गेरूची तांबडी किनार देतात. घरात सुतक असेल तेव्हा दारात कोलम नसते, आणि श्राद्धाच्या दिवशीही विधी पूर्ण होईपर्यंत ते घालत नाहीत. ते दारात दिसणे म्हणजे घरात सर्व काही ठीक आहे, असे येणाऱ्याला कळते.

कायमचेपणाची काळजी मात्र करू नये. दारापुढच्या फरशीवर ऑइलपेंटने कायमचे रंगवलेले कोलम येथे असंख्य घरांपुढे आहे, आणि चिकटवायचे छापील कोलम तर बाजारात सर्रास मिळते. तुम्ही हाताने, ठिपके मोजून, रेषा शिकून काढता आहात, याचे येथील कोणत्याही गृहिणीला कौतुकच वाटेल. काळजी घ्यायची ती निवडीची. हृदयकमलम् किंवा नवग्रहांची कोलम ही देवघरासमोर घालायची असतात आणि त्यांवर कोणी पाय देत नाही. विक्रीच्या चित्रांत ती घेऊ नयेत, आणि घेतलीच तर ती काय आहेत हे सोबत लिहावे. रोजच्या सिक्कू कोलमला असे बंधन नाही.

नावाबद्दल सांगायचे तर प्रत्येक चित्राखाली ‘कोलम’ हाच शब्द असावा आणि पुढे ठिपक्यांचा हिशेब असावा, उदाहरणार्थ ‘५ पुळ्ळी, ५ वरिसै’. पुळ्ळी म्हणजे ठिपका आणि वरिसै म्हणजे ओळ. येथील बायकांच्या कोलमच्या वह्यांत नोंद अशीच असते, आणि तमिळ पाहुणा प्रदर्शनात आला तर तेवढ्यावरून आकृती ओळखेल. ज्या आजींकडून तुम्ही शिकलात, त्यांची संमती घेऊन त्यांचा उल्लेखही अवश्य करावा. या आकृत्या आईकडून मुलीकडे गेल्या आहेत आणि त्यांच्या खाली कधी कोणाची सही नव्हती.

रंगात पीठ मिसळू नका. दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि किडेही येतात. खरखरीतपणा हवाच असेल तर संगमरवराची बारीक पूड किंवा ॲक्रिलिकमध्ये मिसळायची तयार पेस्ट मिळते, ती वापरावी. पार्श्वभूमीसाठी यलो ऑकरवर रॉ अंबरचा पातळ थर दिला तर सारवलेल्या जमिनीचा रंग येतो, आणि किनारीला इंडियन रेड गेरूच्या सर्वांत जवळ जातो. सोनेरी रंगापासून दूर राहावे, एवढी विनंती. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले, ते १८५५ पर्यंत टिकले, आणि त्या राजवटीच्या आश्रयाने सोन्याच्या वर्खाची तंजावर चित्रे बहरली. मराठी माणसाला त्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु ती दरबाराची आणि देवघराची कला आहे, कोलम उंबऱ्याबाहेरचे आहे, आणि दोन्ही एका चौकटीत आणली तर दोघांनाही न्याय मिळत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

सम चौरसाबद्दल लिहितो. तिथे मध्ये एकटा ठिपका मिळत नाही, २ बाय २ चा छोटा चौरस मिळतो. ४ बाय ४ असेल तर त्याच्याभोवती १ बाय ३ च्या चार पट्ट्या येतात, आणि ८ बाय ८ असेल तर ३ बाय ५ चे चार आयत. दोन्हींचा मसावि १ आहे, पण मधल्या छोट्या चौरसातच मुळात दोन रेषा आहेत, त्यामुळे या रीतीने सगळ्यांची मिळून एक रेषा होत नाही.

त्यातून जे निघते ते चित्राच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. मधल्या चौरसाच्या प्रत्येक बाजूला छेद देण्याजोग्या दोन जागा असतात. घड्याळाच्या दिशेने जात प्रत्येक बाजूची पहिली जागा घ्यावी, दुसरी सोडून द्यावी. दोन आयत एका रेषेला मिळतात, समोरासमोरचे उरलेले दोन दुसरीला, आणि शेवटी आकाराने अगदी सारख्या अशा दोन बंद रेषा तयार होतात. त्यांतील एक पाव फेरी फिरवली की दुसरीवर तंतोतंत बसते. कावेरीतीरीताईंनी सांगितलेले रंग घेऊन एक रेषा पांढरी आणि एक गेरूची काढली, तर ही रचना कोणालाही समजावून न सांगता दिसेल. गेरूची रेषा अंबरच्या पार्श्वभूमीवर दबेल, म्हणून या एका चित्रापुरती जमीन थोडी फिकट, नुसत्या यलो ऑकरची ठेवावी. ४ ठिपक्यांसाठी सव्वा इंच अंतर आणि सहा इंचांचा चौरस घेतल्यास सर्व बाजूंना सव्वा इंचापेक्षा थोडे कमी, म्हणजे एक इंच आणि एक अष्टमांश इंच उरेल, आणि कडेच्या वळणांसाठी व तांबड्या किनारीसाठी तेवढी जागा पुरेशी आहे.